कानाला न दिसणारी गंमत

श्रोतेहो, नमस्कार. विडंबनगीत म्हटलं की ओळखीची चाल आणि चावट शब्द, एवढंच आपण धरून चालतो. हसू आलं की गाणं वसूल. पण काही विडंबनांत त्या हसण्याच्या आड आणखी एक करामत दडलेली असते.

अमेरिकेतले गायक ‘विअर्ड अल’ यांकोविक यांच्या ‘पूडल हॅट’ या २००३ च्या अल्बममध्ये ‘बॉब’ नावाचं गाणं आहे. गायक-गीतकार बॉब डिलन यांच्या १९६५ च्या ‘सबटेरेनियन होमसिक ब्लूज’ या गाण्याचा ढंग त्यात हुबेहूब उचललाय. तसाच नाकातला आवाज आणि एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नसलेल्या ओळींचा सपाटा. ऐकताना वाटतं, डिलनच्या दुर्बोधपणाची टिंगल चाललीय.

आता जरा कागद-पेन्सिल घ्या. त्यातली एक ओळ आहे, ‘टू हॉट टू हूट’. स्पेलिंग लिहा: टी-ओ-ओ, एच-ओ-टी, टी-ओ, एच-ओ-ओ-टी. आता शेवटच्या टीपासून मागे वाचत या. आली ना तीच ओळ? आपल्या ‘रामाला भाला मारा’चीच जात! आणि ही एकटी नाही, गाण्यातली ओळ न् ओळ अशी आहे. त्यातले ‘मॅडम, आयम ॲडम’सारखे काही नमुने जुनेच आहेत, पण ते यमकात ओवणं सोपं नाही. इथे ‘हूट’ला पुढे ‘बूट’ चपखल बसलाय. आणि नाव? बी-ओ-बी!

मला खरी कमाल वाटते ती पुढेच. उलटसुलट सारखी ओळ जमवायची तर अर्थाची ओढाताण होते, ओळ विक्षिप्त होते. तो विक्षिप्तपणाच डिलनच्या शैलीला जाऊन मिळतो. म्हणून तर गुपित झाकलं जातं.

‘रामाला भाला मारा’ कानालाही पटतं, कारण आपण अक्षरं फिरवतो आणि उच्चार टिकतो. इंग्रजीत स्पेलिंग फिरतं, उच्चार फिरत नाही. तिथे डोळेच हवेत. आणि यांकोविकनी व्हिडिओत नेमकी तीच सोय केलीय. डिलन यांनी आपल्या त्या गाण्याच्या चित्रफितीत लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलमागच्या गल्लीत उभं राहून गाण्यातले शब्द लिहिलेले फलक एकेक करून टाकले होते. यांकोविकही गल्लीत तसेच उभे राहतात. विडंबन म्हणून फलक हवेच होते, पण कोड्याची किल्लीही त्यांच्यावरच लिहिलेली आहे! तेव्हा आधी गाणं नुसतं ऐका, मग व्हिडिओ लावा आणि एखादा फलक थांबवून उजवीकडून वाचून बघा. नमस्कार.