‘हो’चा अर्थ काय घ्यायचा?

[दृश्य: लांब टेबल, समोरासमोर बसलेली माणसं. शांतता.]

टोकियोतली एक बैठक डोळ्यांसमोर आणा. अमेरिकन विक्रेत्यानं किंमत सांगितली आहे. समोरचे जपानी खरेदीदार गप्प. ती शांतता विक्रेत्याला सोसत नाही. कुणी काही मागण्याआधीच तो भाव उतरवतो. समोरच्यांनी तर नकार दिलेलाच नव्हता. ते विचार करत होते.

जपानी ‘हाय’ म्हणजे शब्दशः ‘हो’. पण पुष्कळदा त्याचा अर्थ ‘ऐकतोय’ एवढाच. ‘विचार करून बघतो’ असं उत्तर आलं, तर तो बहुधा सभ्य नकार. मुळात निर्णय बैठकीत होतच नाही. आधी एकेकाला भेटून त्याचं मन वळवतात. त्याला म्हणतात ‘नेमावाशी’. झाड दुसरीकडे लावायचं, तर आधी त्याच्या मुळांची तयारी करायची, तिथून आलेला हा शब्द. मला तो फार नेमका वाटतो.

[दृश्य: सुपरमार्केटचं दार.]

वॉलमार्ट 1997 मध्ये जर्मनीत गेली. सोबत अमेरिकन रीतही नेली: गिऱ्हाइकाकडे बघून हसायचं, अगत्य दाखवायचं. अनोळखी माणसाची ही सलगी अनेक जर्मनांना खटकली. सगळा दोष संस्कृतीच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. आल्डी, लिडल या स्वस्त जर्मन दुकानसाखळ्यांची स्पर्धा कडवी होती, कायदेही वेगळे होते. पण 2006 मध्ये कंपनीनं 85 दुकानं मेट्रो या जर्मन व्यापारी कंपनीला विकून काढता पाय घेतला.

[दृश्य: बंदर, क्रेन, कंटेनर.]

वागण्याचं सोडा, करारातले शब्दही फसवतात. ‘एफओबी’ (‘फ्री ऑन बोर्ड’) म्हटलं की बंदरावरच्या माणसाला जहाज दिसतं: माल जहाजावर चढेपर्यंत जबाबदारी विकणाऱ्याची. अमेरिकेत मात्र तोच शब्द रेल्वेच्या डब्यालाही लावत. वाटेत माल बुडाला, तर नुकसान कुणाचं? अशा भांडणांना कंटाळून आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळानं देशोदेशीचे अर्थ गोळा केले आणि 1936 मध्ये ‘इन्कोटर्म्स’ हे समान नियम छापले. त्यांच्या सुधारित आवृत्त्या आजही वापरात आहेत.

शांततेसाठी असे नियम छापता येत नाहीत.

[दृश्य: पुन्हा तीच बैठक.]

विक्रेता पुन्हा भाव उतरवायला तोंड उघडतो. शेजारची दुभाषी त्याच्या कागदांवर हळूच हात ठेवते.

“थांबा.”