पेटीत बसवलं की रेडिओ बदलतो

सभागृहात शिरतानाच सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका तरुणानं मला अडवलं. म्हणाला, "सर, रेडिओचं तयार मॉड्यूल विकत घेतलंय, त्याचा टेस्ट रिपोर्टही आहे. मग आमचा रिमोट परत का तपासायचा?" आजचं बोलणं त्याच्या प्रश्नावरच आहे.

रिपोर्ट मॉड्यूलचा असतो. तो काढताना ठरावीक अँटेना जोडलेली असते, स्वच्छ सप्लाय दिलेला असतो. आपण तेच मॉड्यूल विहिरीवरच्या स्टार्टरच्या पत्र्याच्या पेटीत बसवतो. शेजारी मोटर जोडणारा-तोडणारा कॉन्टॅक्टर, खाली स्वस्तातला सप्लाय. पत्रा जवळ आला की अँटेनाचं जुळणं बिघडतं, पल्ला घटतो, मग आपण पॉवर वाढवतो. चूक तिथं होते.

माझ्याही हातून चूक झालीय, जरा वेगळी. मोटर चालू-बंद करायचा ४३३.९२ मेगाहर्ट्झचा रिमोट मी केला होता. आपल्याकडं ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झला लायसन्स लागत नाही, मात्र मर्यादा १० मिलिवॉट आणि चॅनेलची रुंदी १० किलोहर्ट्झ. माझी पॉवर मर्यादेत होती. लॅबच्या चेंबरमध्ये, म्हणजे तपासणीच्या बंद खोलीत, भिंतीभर फोमचे सुळके, मधे फिरत्या टेबलावर माझी पेटी. टेबल फिरलं आणि ॲनालायझरच्या, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती ताकद आहे ते दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर दुप्पट फ्रिक्वेन्सीला, ८६७.८४ ला, दुसरा सुळका उभा राहिला. युरोपच्या ईएन ३०० २२० या कमी ताकदीच्या रेडिओंच्या मानकात अशा नको असलेल्या लहरीला १ गिगाहर्ट्झच्या खाली २५० नॅनोवॉटची मर्यादा आहे. म्हणजे १० मिलिवॉटचा चाळीस हजारावा भाग! ८७.५ ते ११८ मेगाहर्ट्झमध्ये तर फक्त ४ नॅनोवॉट, कारण तिथं एफएम आहे आणि विमानांची दिशादर्शक यंत्रणाही. होटगी रोडचा विमानतळ आपल्या दाराशी आहे, हे ध्यानात ठेवा.

माझं ८६७.८४ कुठं पडत होतं? ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या खुल्या, बिनलायसन्सच्या पट्ट्यात. शेजारच्या डाळिंबाच्या बागेतला ओलावा मोजणारा सेन्सर तिथंच बोलत असू शकतो. हे पट्टे सामाईक पाटासारखे आहेत. दुसऱ्याचं पाणी तोडायचं नाही, आणि आपल्याला त्रास झाला तर संरक्षणही मागता येत नाही. नियमातच तसं आहे.

उपाय काय निघाला? जागा वाचवायला मी एक कॉइल आणि दोन कपॅसिटरचा फिल्टर काढून टाकला होता. तो परत बसवला, बोर्ड नव्यानं काढला, आणि तेवढ्यात मृग बहाराचा हंगाम हातचा गेला.

उन्हाचंही बघा. फ्रिक्वेन्सी ठरवणारा २० पीपीएमचा, म्हणजे दहा लाखांत वीस भाग चुकू शकणारा क्रिस्टल ४३३.९२ वर साधारण ८.७ किलोहर्ट्झ सरकू शकतो. १० किलोहर्ट्झच्या चॅनेलमध्ये उरलं काय? क्रिस्टलऐवजी सॉ रेझोनेटर हा कमी अचूक भाग वापरणाऱ्या बाजारातल्या स्वस्त मॉड्यूलला ७५ किलोहर्ट्झपर्यंत इकडंतिकडं चालतं. ते मे महिन्यात सोलापूरच्या पत्र्याच्या पेटीत ठेवू नका, एवढं मी हात जोडून सांगतो.

कागदाचं थोडक्यात: लायसन्स नसलं तरी डब्ल्यूपीसीची, म्हणजे केंद्राच्या वायरलेस विभागाची, ईटीए म्हणजे उपकरणाची मंजुरी लागते. सरल संचार पोर्टलवर अर्ज होतो, सोबत रिपोर्ट जोडावा लागतो.

मागच्या टेबलावर ॲनालायझर लावून ठेवलाय. ज्यांनी रिमोट आणलेत, त्यांनी बोर्ड काढून दाखवू नका. झाकण लावलेली, स्क्रू आवळलेली पेटीच पुढं घेऊन या.