समुद्रावरच्या खेळाची साक्ष

मासेमारीच्या स्पर्धेत खोटं पकडण्याचं यंत्र कशाला लागतं, असा प्रश्न मागच्या वेळी एका मुलीने विचारला होता. तेव्हा वेळ संपली होती, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. आजचं बोलणं त्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

तारीख १७ जून २०२३, शनिवार. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात मोरहेड सिटी नावाचं बंदर आहे. तिथल्या 'बिग रॉक ब्लू मार्लिन टूर्नामेंट'चा तो शेवटचा दिवस. दुपारी 'सेन्सेशन' नावाच्या बोटीच्या गळाला एक निळा मार्लिन, म्हणजे भाल्यासारख्या लांब चोचीचा प्रचंड समुद्री मासा, लागला. तो बोटीशी आणेपर्यंत सहा तास गेले. रात्री बंदरावर काट्याला लावला तेव्हा वजन भरलं ६१९.४ पौंड, म्हणजे २८१ किलो. त्या आठवड्यात एवढा मोठा मासा कुणीच आणला नव्हता. पहिलं बक्षीस, शिवाय ५०० पौंडांवरचा पहिला मासा आणल्याचं वेगळं बक्षीस, असे मिळून सुमारे ३५ लाख डॉलर त्या बोटीच्या वाट्याला येणार होते. आपल्या हिशेबाने २८ कोटी रुपयांच्या वर.

दुसऱ्या दिवशी सकाळी आयोजकांनी जाहीर केलं की मासा बाद. तज्ज्ञांनी तपासला तेव्हा मासा बोटीवर येण्याआधीच त्याच्या अंगाचा लचका, बहुधा शार्कने, तोडलेला होता. ४८४.५ पौंडांचा मासा आणणाऱ्या 'सुशी' या बोटीला २७ लाख ७० हजार डॉलर मिळाले. 'सेन्सेशन'वाले पुढे कोर्टात गेले.

ऐकताना वाटतं, केवढा हा अन्याय! चावा शार्कने घेतला, शिक्षा माणसाला. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण नियम वाचला आणि माझं मत बदललं. हौशी मासेमारीचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणारी 'आयजीएफए' ही संस्था १९३९ सालची. तिचा नियम असा की बोटीवर येण्याआधी शार्कने, दुसऱ्या माशाने किंवा बोटीच्या पंख्याच्या पात्याने माशाचं मांस फाडलं असेल तर तो मासा धरायचा नाही. जखमी मासा लवकर थकतो. मग तो दांडी धरलेल्या माणसाने दमवला की शार्कने, हे सांगायचं कुणी? त्याच नियमावलीत असंही आहे की मासा लागल्यावर दांडी एकाच माणसाच्या हातात राहिली पाहिजे. दुसऱ्या कुणी मदतीला हात लावला तरी मासा गेला. म्हणजे वजन किती हा प्रश्न नंतरचा. हा मासा कसा हाती आला, हा पहिला.

हे कसं कळणार, हीच या खेळाची खरी अडचण आहे. क्रिकेटमध्ये पंच बावीस यार्डांवर उभा असतो. इथे बोट किनाऱ्यापासून चाळीस-पन्नास मैल आत, किनाऱ्यालगतचा उथळ तळ जिथे संपतो त्या भूखंडमंचाच्या कडेला, गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाच्या कोमट पाण्यात असते. बोटीवर तांडेल, खलाशी आणि हौशी मंडळी, सगळी एकाच बाजूची. आजूबाजूला पाणी. साक्षीला कुणी नाही.

पैसा नव्हता तेव्हा ही अडचण कुणाला टोचत नव्हती. १९५७ साली मोरहेड सिटीत पहिला निळा मार्लिन आणणाऱ्याला काय मिळालं, तर लाल रंगाच्या एका ढकलगाडीत घातलेले ५० चांदीचे डॉलर. मला ही ढकलगाडी फार आवडते. आज जो कोट्यवधींचा खेळ आहे त्याचं मूळ गावातल्या एका मंडळाच्या हौसेत आहे. मेक्सिकोतल्या काबो सान लुकासची 'बिस्बीज' स्पर्धाही १९८१ साली सहा बोटी आणि १० हजार डॉलरवर सुरू झाली. आणि २०२३ साली मेरीलँडमधल्या ओशन सिटीच्या 'व्हाइट मार्लिन ओपन'मध्ये ६४०.५ पौंडांच्या एका निळ्या मार्लिनला ६२ लाख डॉलर मिळाले. एका माशाला!

एवढा पैसा येतो कुठून? बराचसा बोटवाल्यांच्याच खिशातून. प्रवेश फी असतेच. तिच्यावर ऐच्छिक डाव असतात, आणि या डावांना तिकडे म्हणतात 'कलकत्ता'. हो, आपलंच कोलकाता. ब्रिटिश अमलात कलकत्त्यात शर्यतीच्या घोड्यांवर लिलावाने पैसे लावायची जी पद्धत होती, तिच्यावरून हे नाव पडलं. ते गोल्फच्या मैदानांवरून, घोड्यांच्या तबेल्यांवरून फिरत अटलांटिकच्या बंदरांपर्यंत पोचलं. तिथल्या माणसाला 'तू कुठल्या कलकत्त्यात आहेस?' असं विचारतात, तेव्हा शहराची आठवण क्वचितच कुणाला होत असेल.

या डावांचा परिणाम नीट समजून घ्या. समजा तुमच्या बोटीने सर्वांत मोठा मासा आणला, पण एखाद्या महागड्या डावात तुम्ही पैसेच लावले नव्हते. तर त्या डावाची रक्कम तुमच्या खालच्या बोटीला जाते, तिने पैसे लावले असतील तर. त्यामुळे दोन-चार पौंडांच्या फरकाने, कधी फरक नसतानाही, एकाला काही हजार आणि दुसऱ्याला काही लाख मिळतात. अशा ठिकाणी एका घड्याळाला, एका कागदाला केवढी किंमत येते बघा.

कागदाची गोष्ट २०१० ची, पुन्हा बिग रॉकचीच. 'सिटेशन' बोटीने ८८३ पौंडांचा मार्लिन आणला, म्हणजे ४०० किलो. स्पर्धेच्या इतिहासात तोवर एवढा मासा आला नव्हता. हा विक्रम पुढे २०१९ साली ९१४ पौंडांच्या माशाने मोडला. पण २०१० साली बक्षिसाची ९ लाखांहून जास्त डॉलरची रक्कम 'सिटेशन'ला मिळाली नाही. बोटीवरच्या एका खलाशाकडे राज्याचा मासेमारी परवाना नव्हता. मासा हाती आल्यानंतर त्याने तो काढला. काही डॉलरचा परवाना. ज्याने दांडी धरून झुंज दिली त्याचा यात काहीच दोष नव्हता, आणि मला या निकालाचं आजही वाईट वाटतं. आयोजकांनी मात्र नियमाला अपवाद केला नाही.

घड्याळाची गोष्ट २०१६ ची, व्हाइट मार्लिन ओपनची. त्या वर्षी वजनाच्या अटीत बसणारा पांढरा मार्लिन (ही मार्लिनची लहान जात) एकच आला, ७६.५ पौंडांचा, जेमतेम ३५ किलोचा. त्याच्यावर २८ लाख डॉलर. नियम असा होता की सकाळी साडेआठच्या आधी गळ पाण्यात टाकायचा नाही. पैसे देण्यापूर्वी विजेत्याची आणि बोटीवरच्या माणसांची पॉलिग्राफ चाचणी, म्हणजे खोटं पकडण्याच्या यंत्रावरची चाचणी, झाली. आयोजकांचं समाधान झालं नाही, त्यांनी पैसे अडवले आणि प्रकरण फेडरल कोर्टात गेलं. २०१७ साली न्यायाधीशांनी निकाल दिला की गळ वेळेआधी पाण्यात होते. २०१८ मध्ये अपिलातही तो टिकला. रक्कम ट्यूना आणि निळा मार्लिन आणणाऱ्या इतर विजेत्यांत वाटली गेली.

आता त्या मुलीचा प्रश्न. यंत्रावर एवढा भरवसा ठेवावा का? २००३ साली अमेरिकेच्याच राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालाने पॉलिग्राफच्या अचूकतेबद्दल गंभीर शंका घेतली होती. आपल्याकडे २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी प्रकरणात सांगितलं की माणसाच्या संमतीशिवाय ही चाचणी करता येणार नाही. स्पर्धक संमती देऊनच खेळतात, ही गोष्ट वेगळी. तरी मला स्वतःला हे यंत्र पटत नाही. घाबरलेला आणि खोटारडा यांची नाडी सारखीच उडू शकते. मात्र आयोजकांची तगमग मला कळते. चाळीस मैल आत सकाळी सव्वाआठला काय झालं, हे विचारायचं तर माणसाच्या छातीचे ठोके मोजण्याखेरीज त्यांच्या हाती काय उरतं?

किनाऱ्यावरची लबाडी त्यामानाने सोपी. २०२२ मध्ये अमेरिकेतच लेक एरी या मोठ्या सरोवरावरच्या एका स्पर्धेत वजन संशयास्पद वाटलं म्हणून लोकांसमोरच मासे चिरले, तर पोटातून शिशाचे गोळे निघाले. ते मासे आणणाऱ्या दोघांना तुरुंगवास झाला.

शेवटी माशाबद्दल, कारण मला सगळ्यांत जास्त काळजी त्याची वाटते. निळ्या मार्लिनमध्ये नर साधारण दीडशे किलोच्या वर क्वचितच जातो. म्हणजे मी आतापर्यंत ज्या निळ्या मार्लिनची वजनं सांगितली, त्या सगळ्या माद्या होत्या, अंडी घालणाऱ्या, वर्षानुवर्षं वाढलेल्या. मोठ्या माशाला बक्षीस ठेवलं की आपण नेमकी तिलाच शोधायला माणसं पाठवतो. हे तिथल्या लोकांनाही कळतं. अमेरिकेच्या अटलांटिकमध्ये हौशी मच्छीमारांनी वर्षाला मिळून २५० पेक्षा जास्त मार्लिन किनाऱ्यावर आणायचे नाहीत, अशी मर्यादा आहे. हे मासे विकायलाही तिथे बंदी आहे. स्पर्धांमध्ये नैसर्गिक आमिषाला गोल गरी लावावी लागते. ती पोटात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात अडकते, आणि मासा सोडला तर जगण्याची आशा वाढते.

आणि बहुतेक मासे सोडलेच जातात. त्याचे वेगळे गुण असतात, वेगळी बक्षिसं असतात. तिथे तर काटाही नाही, मासाही नाही, म्हणून साक्षीला कॅमेरा आणला. गरीजवळची जाड दोरी खलाशाच्या हाताला लागली की मासा पकडला असं धरतात. चित्रफितीत तो क्षण दिसावा लागतो. मग दोरी कापतात. चवताळलेल्या मार्लिनच्या अंगावर निळे पट्टे दिव्यासारखे पेटलेले असतात. ते क्षणभर पाण्याच्या वरच्या थरात दिसतात आणि खाली जातात. संध्याकाळी बंदरावर पंच ती फीत पुन्हा मागे नेतात, हाताला दोरी लागलेली बघतात आणि बोटीच्या नावापुढे गुण मांडतात.