हायवेवरचा पत्ता: पिन बरोबर, तरी गाडी पलीकडे का जाते?

नमस्कार मंडळी! दुकानाचा पिन मॅपवर कसा टाकायचा हे मागच्या व्हिडिओत सांगितलं, तर खाली कमेंटमध्ये सगळ्यांचं एकच, "दादा, आमचा ढाबा बायपासला आहे, घर नंबर नाही, गल्ली नाही, पत्ता लिहायचा काय?" नर्सरीवाले, पंक्चरवाले, गोदामवाले, सगळे हेच विचारतायत. म्हणून आज फक्त हायवे.

आधी भराभर. पत्त्यावरून अक्षांश-रेखांश काढणं म्हणजे जिओकोडिंग. शहरात रस्त्याच्या या टोकाला घर नंबर १, त्या टोकाला १००, मग ५० नंबर साधारण मधे असणार, असा हिशोब सॉफ्टवेअर लावतं. हायवेला नंबरच नाहीत, मग ते पिन गावाच्या मधोमध नाहीतर रस्त्याच्या मधोमध टाकून मोकळं होतं.

नावाचंही बघा. "एबी रोड, इंदूर" एवढंच लिहू नका, एबी म्हणजे आग्रा-बॉम्बे रोड, तो शहरात पलासियातही आहे आणि बाहेर राऊच्या पुढेही आहे! आणि त्याचा जुना नंबर एनएच ३ तर अजिबात नको. २०१० मध्ये नंबर बदलले, आपल्या इंदूरहून धुळ्याला जातो तो आता एनएच ५२, आणि एनएच ३ म्हणजे अटारीहून मनालीवरून लेहला जाणारा रस्ता. दुकानांच्या पाट्यांवर मात्र अजून ३ च रंगवलेला दिसतो.

आता मुख्य गोष्ट, बाजू. रस्त्याची कुठली बाजू?

मागच्या पावसाळ्यात रात्री काकांची गाडी बायपासला बंद पडली, मी लोकेशन पाठवलं, एकदम अचूक, आणि क्रेनवाला आलाही, पण डिव्हायडरच्या पलीकडे. आम्ही इकडून टॉर्च हलवतोय, तो तिकडून हात दाखवतोय, मधे ट्रक धावतायत, आणि त्याला पुढच्या अंडरपासपर्यंत जाऊन वळून यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. काकू गाडीत बसून रडकुंडीला आलेल्या. पिन चुकला नव्हता हो, मी बाजू सांगितली नव्हती.

मॅपच्या नजरेतून बघा. तुम्ही पिन टाकता तो ढाब्याच्या छपरावर, पण गाडीला रस्ता दाखवताना मॅप त्या पिनजवळचा रस्ता पकडतो. बायपासला जाणारी लेन, येणारी लेन, दोन्हीकडे सर्व्हिस रोड, म्हणजे चार रेघा. जवळची रेघ भलतीच निघाली की गाडी मेन रोडवरच थांबते, समोर रेलिंग, पलीकडे तुमचा ढाबा. म्हणून पिन छपरावर नाही, गेटवर टाका, जिथून गाडी आत वळते तिथे.

रस्तेवाले इंजिनिअर तर बाजूशिवाय बोलतच नाहीत. किलोमीटरचे आकडे वाढत जातात तिकडे तोंड करून उभं राहायचं, मग डावीकडची ती डावी बाजू, उजवीकडची ती उजवी. किलोमीटरचा दगड तर तुम्हाला माहीतच आहे, वर पिवळा असेल तर नॅशनल हायवे, हिरवा असेल तर स्टेट, आणि मधे दर २०० मीटरला छोटे दगड, २, ४, ६, ८. हा आकडा पत्त्यात जरूर लिहा, हायवेच्या १०३३ हेल्पलाइनला फोन केलात तरी हाच कामाला येतो. पण ताजा आकडा घ्या. राऊच्या पुढे एका दगडाचे पोपडे निघालेत आणि खालून जुना आकडा डोकावतोय, वरच्या आकड्याशी न जुळणारा. बायपास निघाला की रस्त्याची लांबी बदलते आणि मोजणी नव्याने होते.

एका ताईंनी विचारलंय, पोस्टाचा डिजिपिन आहे ना आता, मग एवढा खटाटोप कशाला? ताई, डिजिपिन मलाही फार आवडतो, २०२५ मध्ये आला, १० अक्षरांत साधारण ४ मीटर बाय ४ मीटरचा चौकोन सापडतो, गाव नको, गल्ली नको. वापराच! पण चौकोन सांगतो की तुम्ही कुठे आहात, तिथे कुठल्या बाजूने यायचं ते तो सांगत नाही. ते शब्दांतच लिहायला लागतं.

मावशीच्या नर्सरीचा पत्ता मी असा लिहून दिला, "इंदूर बायपास, मांगलियाकडून राऊकडे येताना डाव्या हाताला, सर्व्हिस रोडवर, हिरवं लोखंडी गेट," आणि खाली डिजिपिन. "कडून" आणि "कडे" हे दोन शब्द खाऊ नका. नुसतं "डाव्या हाताला" म्हटलं तर उलट दिशेने येणाऱ्याचा तोच उजवा हात होतो.

आणि हो, मॅपमध्ये आकडे टाकत असाल तर अक्षांश आधी, रेखांश नंतर. इंदूर २२.७१, ७५.८५. उलटे टाकलेत तर पिन थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडतो, एका भाऊंनी तसा स्क्रीनशॉट पाठवलाय. दशांशानंतर पाच आकडे ठेवा, म्हणजे मीटरभराचाच फरक राहतो.

झालं की कधीच न आलेल्या माणसाला एकदा मांगलियाकडून आणि एकदा राऊकडून बोलवा, फोनवर काही सांगू नका. दोन्ही वेळा गेटवर पोचला तर पत्ता पक्का. तुमच्या दुकानाचा पत्ता कमेंटमध्ये टाका, मी एकेक उघडून बघतो, आणि बाजू लिहिली नसेल तर पहिलं तेच विचारणार आहे.