प्रयोगशाळेतला हौशी शोधक

नमस्कार श्रोतेहो.

1907 साली इंग्लंडमध्ये एक कादंबरी आली, ‘द रेड थंब मार्क’. लेखक रिचर्ड ऑस्टिन फ्रीमन, पेशाने डॉक्टर. तिजोरीतले हिरे चोरीला गेलेत आणि आत सापडलेल्या कागदावर रक्ताने उमटलेला अंगठा आहे. ठसा कुणाचा, तेही कळलंय. तो काळ लक्षात घ्या. स्कॉटलंड यार्डात ठशांचा विभाग सुरू होऊन सहाच वर्षं झाली होती. 1905 मध्ये तर अंगठ्याच्या ठशाच्या आधारावर दोन भावांना खुनासाठी फाशी झाली होती. ठसा मिळाला की खटला संपला, असं वातावरण. आणि फ्रीमनचा नायक, डॉक्टर थॉर्नडाइक, एक साधा प्रश्न धरून बसतो. ठसा या माणसाचा आहे, मान्य. पण तो त्याच्या बोटानेच उमटला, हे कशावरून?

वैज्ञानिक नायक असलेल्या रहस्यकथा मला आवडतात त्या अशा प्रश्नांसाठी. पुष्कळांना वाटतं, या कथांची गंमत नायकाच्या ज्ञानात आहे. त्याला दुर्मीळ विषं ठाऊक असतात, सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की त्याला उत्तर दिसतं. मला ते पटत नाही. नुसत्या माहितीवर उभी राहिलेली रहस्यकथा फार कंटाळवाणी होते. शेवटच्या प्रकरणात नायक कधी न ऐकलेल्या रसायनाचं नाव घेतो आणि आपण मान डोलवायची! वाचकावर हा सरळ अन्याय आहे. खऱ्या वैज्ञानिकाची ओळख त्याच्या शंकेत असते. स्वतःचा आवडता तर्क मोडून पाहायची त्याला सवय असते, आणि ती सवय कथेत उतरली की पानं आपोआप उलटत जातात.

फ्रीमनने पुढे 1912 मध्ये आणखी धाडस केलं. ‘द सिंगिंग बोन’ या संग्रहातल्या कथांमध्ये त्याने गुन्हा आधीच दाखवून टाकला. कोणी केलं, कसं केलं, सगळं वाचकाला माहीत. उरतं एवढंच, की धूळ, धागे, काचेचे तुकडे यांतून शोधक तिथवर पोचणार कसा. आणि तरीही उत्कंठा टिकते. कथेत वापरायचे प्रयोग फ्रीमन आधी स्वतः करून बघत असे, ते या कथांत जाणवतं.

पण सत्य कळलं म्हणजे काम झालं, असं नाही. ते दुसऱ्याला पटावंही लागतं. कादंबरी बाजूला ठेवून एक घडलेली गोष्ट सांगतो. 1832 मध्ये जेम्स मार्श या इंग्रज रसायनज्ञाने एका खटल्यासाठी कॉफी तपासली. कॉफीत सोमल होता, म्हणजे आर्सेनिक. परीक्षेत पिवळा साकाही आला. पण खटला उभा राहीपर्यंत तो नमुना खराब झाला, ज्यूरीला काही पटलं नाही आणि आरोपी सुटला. मार्शला हे फार लागलं. त्याने नवी परीक्षा शोधली आणि 1836 मध्ये प्रसिद्ध केली. संशयित पदार्थात जस्त आणि आम्ल घालायचं, निघणारा वायू काचेच्या नळीत तापवायचा. सोमल असेल तर नळीच्या आत काळा, चकचकीत थर बसतो. कोणालाही डोळ्यांनी दिसेल असा.

डोळ्यांना दिसणाऱ्या पुराव्याचा सर्वांत सुंदर उपयोग मला डोरोथी सेयर्स आणि रॉबर्ट यूस्टेस यांच्या 1930 च्या ‘द डॉक्युमेंट्स इन द केस’ या कादंबरीत दिसतो. ज्यांना ती कोरी वाचायची असेल त्यांनी पुढचा मिनिटभर आवाज कमी करावा. अळंब्यांचा उत्तम जाणकार अळंबी खाऊन मरतो. पोटात मस्करीन हे विष सापडतं. चुकून विषारी जात शिजवली, असं सगळे म्हणतात; मुलाला ते पटत नाही. इथे उपयोगी पडतं ते पाश्चरने 1848 मध्ये दाखवलेलं तत्त्व. काही रेणूंची दोन रूपं असतात, डाव्या-उजव्या हातांसारखी. सजीव सहसा त्यांतलं एकच रूप बनवतात. प्रयोगशाळेत साध्या घटकांपासून बनवलं तर दोन्ही सारख्याच प्रमाणात येतात. एकच रूप असेल तर ध्रुवित प्रकाशाचं, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचं, प्रतल वळतं, सारखं मिश्रण असेल तर वळत नाही. म्हणजे असा प्रकाश अडवून अंधार केलेल्या उपकरणात नमुना ठेवून बघायचं. अंधार उजळला तर विष अळंबीतलं, अंधार तसाच राहिला तर ते बाटलीतून आलेलं. एवढ्यावर एका माणसाचा गळा फासात जाणार की नाही, हे ठरतं. आणि हे तत्त्व लेखक आधी एका जेवणाच्या गप्पांमध्ये आपल्यापुढे ठेवतात, जीवसृष्टी कशी सुरू झाली या चर्चेच्या ओघात. वाचकाला न्याय मिळतो.

आता हौशी शोधकाकडे येऊ. त्याच्याकडे झडतीचा हुकूम नसतो, अधिकार नसतो. शिवाय संशयित बहुधा त्याच्याच ओळखीतले. आयझॅक असिमोव्ह स्वतः जीवरसायन शिकवायचे. त्यांच्या 1958 च्या ‘द डेथ डीलर्स’मध्ये एका विद्यार्थ्याच्या प्रयोगात सोडियम ॲसिटेटच्या जागी सोडियम सायनाइड येतं. दोन्ही पांढरी, आणि आम्ल पडलं की सायनाइडमधून प्राणघातक वायू निघतो. लोकांना हा अपघात वाटतो. त्याच्या प्राध्यापकाला मात्र त्या मुलाचा हात माहीत आहे: हा मुलगा बाटली चुकणारा नव्हे. पण खून म्हटलं की रसायन जाणणारा पहिला संशयित तो स्वतःच! नोकरी अजून कायम झालेली नाही, सहकारी डोळे चुकवतात. प्रयोगशाळेतली मानापमानाची, श्रेयाची, भीतीची हवा असिमोव्ह आतून जाणत होते. खुनाइतकीच ती हवा मला धरून ठेवते.

हाडं वाचणारा मानववंशशास्त्रज्ञ, खडक वाचणारी भूवैज्ञानिक, असे शोधकही पुढे आले. त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी. जाता जाता एकच नाव घेतो, जपानी लेखक केइगो हिगाशिनो यांच्या 2005 च्या कादंबरीचं. ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ या नावाने ती इंग्रजीत आहे. फ्रीमनसारखाच इथेही खून सुरुवातीलाच डोळ्यांसमोर होतो. तो लपवायला उभा राहतो एक गणितज्ञ, आणि उलगडायला येतो भौतिकशास्त्रज्ञ युकावा, त्याचा विद्यापीठातला जुना मित्र. युकावाला त्याच्या बुद्धीबद्दल मनापासून आदर आहे. जसजशी मांडणी उलगडते तसतसा युकावा अधिक दुःखी होत जातो, पोलिसांना काय सांगावं यावर अडतो. ती कादंबरी जरूर मिळवा, आणि शेवट आधी कोणाला विचारू नका. नमस्कार.