कोनशिला नसलेली देणगी

पुण्यात देणगी मिळणं अवघड नाही, ती कशासाठी मागताय यावर सगळं ठरतं. वॉर्डसाठी मागा, रुग्णवाहिकेसाठी मागा, लोक देतात. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या तिशीतल्या एखाद्या संशोधिकेचा तीन वर्षांचा पगार मागून पाहा. समोरचा माणूस भला असतो, पण विचारतो, "म्हणजे नेमकं उभं काय राहणार?"

या शहराला तो प्रश्न पूर्वी अडला नव्हता. १९३० साली रावबहादूर रा. रा. काळे यांनी पैसे दिले आणि गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था निघाली, ती अभ्यासासाठीच. १९८६ मध्ये पुलं आणि सुनीताबाईंच्या देणगीतून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. त्याआधी अनिल अवचट गर्दच्या विळख्यातल्या मुलांमध्ये फिरले होते, बसले होते, त्यांनी ते लिहिलं होतं. आधी कुणीतरी जाऊन नीट पाहिलं, मग पैसा आला. ते पाहायला जाणारं माणूसच आज आपण गमावतो आहोत.

२०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झालं. त्यात आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नसल्याचं दिसलं. त्या १२ राज्यांत गुजरात आहे, मध्य प्रदेश आहे, छत्तीसगड आहे. महाराष्ट्र नाही. येरवड्याला एवढं मोठं मनोरुग्णालय असलेल्या आपल्या राज्याबद्दल आपण शेजाऱ्यांच्या आकड्यांवरून बोलतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझी एक विद्यार्थिनी होती. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाची घरात काळजी कोण घेतं, यावर तिने पीएचडी केली. पहिलं वर्ष तर लोकांनी दार उघडण्यातच गेलं. पुढे शुभंकर, म्हणजे काळजी घेणारी घरची माणसं, तिला आपणहून फोन करू लागले. शुभार्थीने, म्हणजे आजारी माणसाने, आज गोळी घेतली नाही, हे डॉक्टरांच्या आधी तिला कळायचं. मग फेलोशिप संपली. मोठं अनुदान मागायला गेली तर स्वतंत्र कामाचा अनुभव हवा, आणि अनुभव मिळवायला अनुदान हवं. वर्षभर वाट पाहून ती एका कंपनीत लागली. मी तिला दोष देत नाही, घरभाडं कुणाला चुकलंय? पण त्या घरांत पुन्हा कुणी गेलं नाही, आणि तिने मिळवलेला विश्वास दुसऱ्याच्या हाती सोपवता येत नाही.

पीएचडी आणि पहिला स्वतंत्र प्रकल्प यांच्या मधला हा खड्डा इतर देशांतही आहे. अमेरिकेत रुग्णांच्या आणि कुटुंबांच्या संघटना एकत्र आल्या आणि १९८७ पासून त्यांनी तरुण संशोधकांना पैसे द्यायला सुरुवात केली. आज ती रक्कम दोन वर्षांसाठी ७० हजार डॉलरपर्यंत असते. आपल्याकडे वेलकम ट्रस्ट ही ब्रिटिश धर्मादाय संस्था आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००८ मध्ये इंडिया अलायन्स उभं केलं, त्यातून नवोदितांना पाच वर्षांची फेलोशिप मिळते. योजना उत्तम, पण तिथे जीवशास्त्र आणि वैद्यकाच्या सगळ्या शाखा रांगेत असतात. शिवाय २०२० च्या कायदेबदलानंतर परदेशी देणगी एका संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही, त्यामुळे मोठ्या संस्थेकडून छोट्या गटाकडे येणारी वाट बंद झाली. पैसा इथलाच लागणार.

किती? २०२३ पासून सीनियर रिसर्च फेलोला, म्हणजे पीएचडीच्या पुढच्या टप्प्यातल्या संशोधकाला, सरकारी फेलोशिपचे महिना ४२ हजार मिळतात. तेवढेच धरले तरी तीन वर्षांचे १५ लाख १२ हजार होतात. प्रवास, मुलाखती उतरवून घेणं, हे वेगळं. एका घराला जड वाटेल, वीस घरांना नाही. आणि तीन वर्षांचं एकदम कबूल करा. दर मार्चला "पुढच्या वर्षी पाहू" म्हटलं, तर ती मुलगी जानेवारीपासूनच नोकरी शोधायला लागते.

एका देणगीदारांनी मला विचारलं, काहीच हाती लागलं नाही तर? एखादी समुपदेशनाची पद्धत आपल्या वस्त्यांत चालत नाही, एवढं कळलं तरी पुढच्या शंभर कुटुंबांचे महिने वाया जायचे वाचतात. मी ते हाती लागलं असंच म्हणेन.

असे संशोधक निवडणाऱ्या समितीत मात्र एक खुर्ची शुभंकराची ठेवा. अर्जातला कोणता प्रश्न खरा आहे, हे त्यांना आमच्यापेक्षा लवकर कळतं.