मृगातला धुरकट ठिपका

(दृश्य: फुटाळा तलाव, रात्र)
हा नागपूरचा फुटाळा तलाव. काठावर दिव्यांचा लखलखाट आणि वर मृग नक्षत्र. चार खूर ओळखू येतात, पोटातला बाणही दिसतो. बाणाखाली मात्र काहीच नाही.

(दृश्य: सिल्लारी, तेच नक्षत्र)
आता हेच आभाळ पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला, सिल्लारी गावातून. इथले रस्त्यावरचे दिवे जमिनीकडे वळवलेत, वर उजेड सांडत नाही. जानेवारी २०२४ मध्ये पेंच भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान, ठरलं. बाणाखाली तीन फिके ठिपके दिसताहेत ना? मधला बघा, जरा धुरकट आहे. तोच मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा उजळलेला ढग, सुमारे १३५० प्रकाशवर्षं दूर. हा प्रकाश तिथून निघाला तेव्हा दख्खनवर बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं.

(दृश्य: दुर्बिणीतून तेजोमेघ)
मध्यभागी चार तारे अगदी खेटून. त्यातला सगळ्यात तेजस्वी सूर्याच्या तीसपटीहून जड. हा मेघ उजळलाय तो मुख्यतः त्याच्यामुळे. त्याचे अतिनील किरण हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉनच उडवून लावतात. शेजारचा काळा वायू उणे अडीचशे अंशांच्या आसपास गारठलेला, आणि झळ लागलेला हा वायू दहा हजार अंशांवर. त्यात ताऱ्यातून सुटणाऱ्या कणांचा वारा, सेकंदाला हजार किलोमीटरहून जास्त वेगाचा. निखाऱ्यावर भाकरी फुगावी तसा वायू आतून फुगतो आणि बाहेर पापुद्रा धरतो. बोइंग ७४७ विमानात बसवलेल्या सोफिया दुर्बिणीनं तो पापुद्रा टिपला. सेकंदाला १३ किलोमीटर वेगानं तो अजून पसरतोय.

असा ढकललेला वायू जिथे पुरेसा दाटतो, तिथे तो स्वतःच्याच भारानं कोसळून नवे तारे जन्मू शकतात. फुग्याच्या आत मात्र तारे घडायला थंड वायूच उरत नाही.

(दृश्य: हबल अवकाश दुर्बिणीनं टिपलेल्या चकत्या)
आणि या वायू-धुळीच्या चकत्या. प्रत्येकीच्या पोटात एक कोवळा तारा. मोठ्या ताऱ्याकडची बाजू तापून उजळलीय, उलट्या बाजूला वायूची शेपटी निघालीय. ग्रह घडायचे ते याच चकत्यांतून, आणि त्याच झिजताहेत.

पुढे काही दशलक्ष वर्षांत हा मोठा ताराही स्फोटात संपेल.

(दृश्य: आभाळाकडे बघणारी मुलं)
थंडीत, अमावास्येच्या सुमारास या. साधी द्विनेत्रीही पुरते. फक्त मोबाइल खिशात ठेवा. डोळ्यांना अंधार सवयीचा व्हायला वीसेक मिनिटं लागतात.